ते चित्र कोणाचे होते?
कला-उपचार, लेखन आणि कलासंस्थांचे काम : आपल्या मुलामुलींसाठी उच्च शिक्षणाच्या तीन वाटा





गेल्या महिन्यात आमच्या शिष्यवृत्ती समितीपुढे एक अर्ज आला. अर्ज करणारी मुलगी वारली समाजातली. पाचवीपासून बारावीपर्यंत ती आमच्याच वसतिगृहात राहिली. पुढे तिने मानसशास्त्र घेऊन बी.ए. केले आणि गेली दोन वर्षे ती इथेच लहान मुलींची देखभाल करते. आता तिला एम.ए. करून पुढे कला-उपचाराचे, म्हणजे आर्ट थेरपीचे, शिक्षण घ्यायचे आहे. समितीतील एका ज्येष्ठ बंधूंनी अर्ज वाचून चष्मा काढला आणि विचारले, "चित्रं काढायला पदव्युत्तर शिक्षण कशाला? नर्सिंगला गेली असती तर चार घरांचं भलं झालं असतं."

प्रश्न रास्त आहे. आपण दिलेल्या पैशातून आजवर आमच्या मुली नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या, आणि त्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. तीन वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच म्हणाले असते. आज म्हणत नाही. त्यामागे माझ्या हातून झालेली एक चूक आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली आहे, फक्त ती चूक आहे हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते. म्हणून या अंकाच्या अभ्यासलेखाची सुरुवात मी तिथूनच करते.

हंगामाच्या सणाचे चित्र

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमची सहावीतली एक मुलगी सर्पदंशाने गेली. तिच्या शेजारच्या खाटेवर झोपणारी तिची मैत्रीण त्यानंतर बोलेनाशी झाली. जेवायची, शाळेत जायची, पण बोलायची नाही. मी तिला जवळ घेऊन प्रार्थना केली, समजावले, गोष्टी सांगितल्या. काही उपयोग झाला नाही. तेव्हा आज अर्ज केलेली ही मुलगी कॉलेजच्या सुट्टीत वसतिगृहावर आली होती. ती काही न बोलता ओटीवर कागद, गेरू आणि तांदळाचे पीठ कालवून घेऊन बसली. दोन दिवस ती छोटी नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने काडी उचलली आणि एक रिकामी खाट काढली. खाटेभोवती एकाबाहेर एक अशा रेघा ओढल्या, कागद भरेपर्यंत. त्या संध्याकाळी तिने पाणी मागितले. तिचे ते पहिले शब्द.

मला भरून आले. ते चित्र मी जपून ठेवले आणि हंगामाच्या सणाला चर्चच्या सभागृहात लावले. खाली चिठ्ठी लावली : इयत्ता अमुक, आपल्या दिवंगत मैत्रिणीच्या आठवणीत. अनेकांचे डोळे पाणावले. त्या दिवशी अर्पणही भरघोस आले. त्यातूनच ओढ्याकडच्या वाटेवर सौरदिवे लागले, ते आजही आहेत.

पण ती छोटीही त्या दिवशी सभागृहात होती. आपले चित्र भिंतीवर आणि त्यापुढे उभी असलेली अनोळखी माणसे तिने पाहिली. परतताना ती मला एवढेच म्हणाली, "बाई, ते मी तिला काढलं होतं."

त्यानंतर तिने पुन्हा चित्र काढले नाही. आता ती नववीत आहे. बोलते, हसते, पण हातात रंग घेत नाही. चित्र मी तिला परत दिले. तिने ते पेटीत तळाशी ठेवले आहे.

मी वाईट हेतूने काहीच केले नव्हते. पण चांगला हेतू आणि प्रशिक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या हेतूने इंजेक्शन देता येत नाही, ते शिकावे लागते. दुसऱ्याचे दुःख कागदावर उतरते तेव्हा त्याचे काय करायचे, हेही शिकावे लागते.

शौल आणि दावीद : अर्धीच सांगितलेली गोष्ट

कलेने मन शांत होते हे दाखवायला आपण रविवारच्या शाळेत शौल राजाची गोष्ट सांगतो. राजा अस्वस्थ होई, दावीद वीणा वाजवी, राजाला बरे वाटे. ही गोष्ट १ शमुवेलाच्या १६व्या अध्यायात आहे. पण १८व्या अध्यायात तीच वीणा वाजत असताना शौलाने दावीदावर भाला फेकला. तो भाग आपण सहसा मुलांना सांगत नाही.

दोन्ही अध्याय एकत्र वाचले की मला तीन गोष्टी दिसतात. कलेत बळ आहे. ते बळ प्रत्येक वेळी चालेलच असे नाही. आणि दुखावलेल्या माणसाजवळ बसणाऱ्यालाही आधाराची गरज असते. कला-उपचाराचे आजचे शिक्षण या तिन्ही गोष्टी शिकवते.

कला-उपचार म्हणजे काय, आणि काय नव्हे

या कामाला नाव मिळाले ते एका क्षयरोग्यामुळे. एड्रियन हिल नावाचे इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाने आजारी पडून सॅनेटोरियममध्ये दाखल झाले. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि वाट पाहायची. आमच्या मागच्या पिढीने मिरजेजवळच्या वानलेसवाडीत असे दिवस पाहिले आहेत. हिल यांनी खाटेवरूनच समोर दिसेल ते रेखाटायला सुरुवात केली. त्यांना बरे वाटू लागले, तसे ते इतर रुग्णांनाही शिकवू लागले. त्यांत युद्धात जखमी झालेले सैनिक होते. १९४२ मध्ये त्यांनी या कामाला 'आर्ट थेरपी' हे नाव दिले.

पुढे १९४६ पासून एडवर्ड ॲडमसन या चित्रकाराने इंग्लंडमधील नेदर्न या मनोरुग्णालयात काम केले. ते रुग्णांना चित्रकला शिकवत नसत, चित्र सुधारत नसत, त्याचा अर्थही सांगत नसत. कागद, रंग आणि शांत जागा देऊन जवळ बसत. आमच्या त्या मुलीने ओटीवर नकळत हेच केले होते.

आणखी एक नाव आपल्या प्रार्थनेत राहावे असे आहे : फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तेरेझिन येथे ज्यू कुटुंबांना कोंडले होते. तिथे त्या मुलांना चित्रकला शिकवत. प्रत्येक मुलाने चित्रावर आपले नाव लिहावे असा त्यांचा आग्रह असे, कारण त्या छावणीत माणसाची नुसती संख्या झाली होती. १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला नेऊन ठार मारण्यात आले. जाण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून लपवली. त्यांच्या शिष्या एडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत कला-उपचाराचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ठरल्या.

मला यातून एक धागा दिसतो. चित्र ज्याचे त्याचे असते. त्यावर नाव असावे की नसावे, ते दाखवावे की झाकावे, हे त्या मुलाच्या भल्यावरून ठरते, पाहणाऱ्याच्या गरजेवरून नाही.

म्हणून चित्रकलेचा तास आणि कला-उपचार यांत फरक करावा लागतो. तासात चित्र चांगले यावे हा हेतू असतो. उपचारात चित्र कसेही आले तरी चालते, ते काढणाऱ्याला सुरक्षित वाटणे महत्त्वाचे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात बालविकास, मानसिक आजार, आघाताचे परिणाम हे विषय असतात. चित्रे कुठे ठेवायची, किती काळ, कोणाला दाखवायची, हेही शिकवतात. विद्यार्थी रुग्णालयात वा शाळेत अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करतात. अनेक ठिकाणी विद्यार्थ्याने स्वतःही समुपदेशन घ्यावे अशी अट असते. दावीदाला नसलेली ती सोय.

शिक्षणाची वाट

ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे. मान्यताप्राप्त मास्टर्स पदवी आणि नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. आपल्याकडे हे क्षेत्र नवे आहे, पण २०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याच्या अनुसूचीत कला आणि नृत्य-हालचालींद्वारे उपचार करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे हा छंद नसून व्यवसाय आहे हे कायद्याने मान्य केले.

भारतात रुळलेली वाट अशी : आधी मानसशास्त्र किंवा समाजकार्यात एम.ए. अथवा एम.एस.डब्ल्यू., आणि त्यावर कला-आधारित उपचाराचा पदव्युत्तर डिप्लोमा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने कोलकाता संवेद या संस्थेबरोबर नृत्य-हालचाल उपचाराचा डिप्लोमा चालवला आहे. चेन्नईच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजनेही कला-आधारित उपचाराचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवला आहे. अभ्यासक्रम, फी आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी संस्थेकडेच चौकशी करावी. आठवड्याभराच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र देऊन 'थेरपिस्ट' म्हणवणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे.

नोकरीबद्दलही खरे सांगते. 'कला-उपचारक हवा' अशी जाहिरात क्वचितच दिसते. बहुतेकांना समुपदेशक किंवा समाजसेवक म्हणून जागा मिळते आणि त्या कामात ते कलेचा वापर करतात. विशेष मुलांच्या शाळा, कर्करोग रुग्णालये, व्यसनमुक्ती केंद्रे, बालगृहे इथे असे काम होते. आणि आश्रमशाळा? तिथे घरापासून दूर राहणारी सहा वर्षांची मुले असतात. रात्री रडणाऱ्या मुलाशी त्याच्या बोलीत बोलू शकणारी प्रशिक्षित व्यक्ती किती ठिकाणी आहे, याचा विचार आपण करावा.

दुसरी वाट : लेखन

कला-उपचारात जो प्रश्न चित्राचा, तोच लेखनात शब्दांचा : हे दुःख कोणाचे आणि ते कोण सांगणार?

हा प्रश्न आम्हा वार्तापत्र काढणाऱ्यांनाही टोचणारा आहे. वर्षातून चार अंकांत आम्ही आदिवासी बांधवांविषयी लिहितो. लिहिणारे बहुतेक वेळा आम्हीच असतो. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे, ज्यांचा 'गोधड' हा संग्रह प्रसिद्ध आहे, त्यांची 'स्टेज' नावाची कविता नेमकी याच विषयावर आहे : व्यासपीठावर दुसरेच बसतात आणि ज्यांचे दुःख त्यांनाच ते समजावून सांगतात. ती वाचल्यावर मी आमचे जुने अंक काढून पाहिले. लेखांत मुलींची वाक्ये शोधू लागले. फार थोडी सापडली.

लेखनाला पदवी लागत नाही, हे मराठी ख्रिस्ती समाजाला सांगायला नको. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे पद्धतशीर शिक्षण मिळाले नव्हते. तरी १९३४ पासून प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' आजही घरोघरी वाचली जातात. पण लेखनावर पोट भरायचे तर शिक्षणाने दारे उघडतात. मराठी विषयात एम.ए., पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे एम.ए., पत्रकारितेची पदवी, घरबसल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा सर्जनशील लेखनाचा डिप्लोमा : या वाटा खुल्या आहेत. त्यातून अनुवाद, आकाशवाणी, प्रकाशन, बोलीतली बालपुस्तके, आजीआजोबांच्या आठवणींचे संकलन अशी कामे मिळतात. गणेश देवी यांनी उभ्या केलेल्या बडोद्याच्या 'भाषा' संस्थेने 'ढोल' हे नियतकालिक वेगवेगळ्या आदिवासी भाषांत काढले. तिथे लिहिणारे त्या त्या भाषेतलेच होते.

तिसरी वाट : कलासंस्थांचे नेतृत्व

हा शब्द मोठा वाटतो, पण काम ओळखीचे आहे. चित्र कोणी काढले, त्याला किती पैसे मिळाले, त्याचे नाव लागले का, तो परगावी गेला तर त्याची काळजी कोण घेते, हे पाहणारा माणूस म्हणजे कलासंस्थेचा व्यवस्थापक.

आमच्या भागाचेच उदाहरण घ्या. वारली चित्रे मुळात लग्नघरातली. पालघाट देवीचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने काढत आणि धवलेरी गाणी म्हणे. ते चित्र त्या लग्नाचे असे, विकायचे नसे. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग आणले, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे जगभर गेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. तरीही रेल्वे स्टेशनवरच्या पिशवीवर, हॉटेलच्या भिंतीवर ती नर्तकांची साखळी दिसते तेव्हा ती कोणी काढली हे कुठे लिहिलेले असते? असे हिशेब विचारणारी शिकलेली माणसे समाजातूनच यायला हवीत.

हे काम जीवनमरणाचेही असू शकते. मध्य प्रदेशातील पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांची चित्रे पॅरिसपर्यंत पोहोचली होती. २००१ मध्ये ते जपानमधील एका संग्रहालयात पाहुणे कलाकार म्हणून गेले असताना त्यांनी तिथेच आपले जीवन संपवले. त्यांच्या मनात काय होते ते देव जाणे. पण त्यानंतर देशभरच्या कलाकारांनी विचारले : परक्या देशात, परक्या भाषेत एकट्या राहणाऱ्या आदिवासी कलाकाराची विचारपूस करायला कोण होते? हा प्रश्न आपल्या प्रत्येक वसतिगृहालाही लागू आहे.

या क्षेत्रात यायचे तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आहे. तो विभाग १९५२ पासून आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा चालतो. पुण्यातले आदिवासी संग्रहालय आणि गुजरातेत तेजगढ येथील आदिवासी अकादमीचे संग्रहालय आपल्या मुलांना एकदा तरी दाखवावे. आपल्या आजीची टोपली काचेमागे ठेवलेली पाहून पुढचा प्रश्न मुलेच विचारतील.

पैशाचे काय?

सरकारी आधार आहे, तो आधी मागावा. दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची अनुसूचित जमातींची शिष्यवृत्ती पदव्युत्तर वर्गालाही लागू असते. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयातर्फे परदेशातील मास्टर्स आणि संशोधनासाठी दर वर्षी २० शिष्यवृत्त्या, तर देशातील संशोधनासाठी ७५० फेलोशिप आहेत. त्यासाठी जातवैधता आणि उत्पन्नाची कागदपत्रे वेळेवर हवीत. बी.ए.च्या पहिल्या वर्षीच ती तयार करून ठेवावीत, हा माझा अनुभवाचा सल्ला. सरकारी पैसा उशिरा येतो तेव्हा मधल्या महिन्यांची खोली, खानावळ आणि प्रवास यांसाठी आपली मदत लागते. डिप्लोमाची फी बहुधा स्वतःच भरावी लागते. आपल्या देणगीची जागा तिथे आहे.

शेवटी

त्या ज्येष्ठ बंधूंना मी समितीत उत्तर दिले नव्हते. उत्तर त्या मुलीनेच दिले. तिला आम्ही बोलावले होते. ती म्हणाली, "बाई, त्या दिवशी ओटीवर मी काय केलं ते मला माहीत नव्हतं. बरं झालं ते नशिबानं झालं. चुकलं असतं तर मला कळलंही नसतं. मला कळायला हवं आहे, म्हणून शिकायचंय."

बंधूंनी चष्मा पुन्हा लावला आणि अर्ज पहिल्यापासून वाचायला घेतला. निर्णय पुढच्या बैठकीत होईल. त्यासाठी आपण प्रार्थना करावी.

या अंकाच्या मुखपृष्ठावर नेहमीसारखे मुलांचे चित्र नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. यापुढे मुलाला आणि पालकांना विचारल्याशिवाय कोणतेही चित्र वा कथा आम्ही छापणार नाही, असे ठरवले आहे. या वेळी आम्ही तीन मुलांना विचारले. दोघांनी नको सांगितले. तिसरी म्हणाली, विचार करून सांगते. आम्ही थांबलो आहोत.

मंडळीत आणि घरी चर्चेसाठी

१. शौल आणि दावीद यांची गोष्ट १६व्या आणि १८व्या अध्यायातून एकत्र वाचा. दुसऱ्याला आधार देणाऱ्याला आपल्या मंडळीत कोण आधार देते?

२. कोणाची साक्ष, छायाचित्र किंवा चित्र आपण त्याला न विचारता दाखवले आहे का? आता काय करता येईल?

३. आपल्या ओळखीच्या एखाद्या मुलाला चित्र, गाणे किंवा लेखन यांत गती आहे का? त्याला पुढच्या शिक्षणाची कोणती माहिती आपण या महिन्यात मिळवून देऊ शकू?